आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

हे पुस्तक दोन तऱ्हेच्या वाचकांसाठी आहे आणि त्या दोघांची आपसात फारशी ओळख नाही. पहिला जीवशास्त्राचा किंवा वैद्यकाचा. त्याला पेशी कळते, रोग कळतो. काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर दिसला की मात्र तो खुर्ची मागे घेतो. दुसरा संगणकाचा. कोड लिहिण्यात त्याचा हात बसलेला आहे, पण जनुकाशी त्याची शेवटची गाठ दहावीच्या विज्ञानात पडलेली असते. वैद्यकीय संशोधन करणाऱ्या आजच्या बहुतेक संस्थांत या दोघांच्या मधल्या टेबलावर एक माणूस बसलेला असतो. दारावरच्या पाटीवर ‘बायोइन्फर्मेटिक्स सायंटिस्ट’ असं काहीसं लिहिलेलं असतं. लग्नकार्यात कुणी विचारलं तर ‘संगणकावर डीएनएचं काम करतो’ एवढं सांगून तो विषय संपवतो. या पुस्तकाचा विषय तो माणूस आणि त्याचं काम.

काम काय, ते थोडक्यात सांगता येतं. प्रयोगशाळेतलं यंत्र रुग्णाच्या डीएनएचे कोट्यवधी तुकडे वाचून देतं. त्या ढिगातून संशोधकाच्या प्रश्नाचं उत्तर काढायचं. पण हे वर्णन ऐकून लोकांचा समज होतो की आम्ही प्रोग्रॅम चालवतो. प्रोग्रॅम चालवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि तो दिवसेंदिवस आणखी सोपा होत चालला आहे. अडचण अशी की प्रोग्रॅमला चुकीची फाइल दिली तरी तो कुरकुर करत नाही. तो निमूटपणे उत्तर काढतो, रंगीत आलेखही काढून देतो. त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठेवू नये असं वाटलं तर समोर विभागप्रमुख बसलेले असले तरी पुराव्यानिशी तसं सांगावं लागतं. माझ्या मते आम्हाला पगार मिळतो तो याचा. पुढची सगळी प्रकरणं याच मतावर उभी आहेत, तेव्हा ते पटत नसेल तर वाचकाने इथेच भांडण सुरू करायला हरकत नाही.

हा विषय लोक समजतात त्यापेक्षा जुना आहे. मार्गारेट डेहॉफ यांनी अमेरिकेत १९६५ मध्ये तोवर माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका ग्रंथात गोळा करून छापले. अमिनो आम्लांसाठी आपण वापरतो ती एकेक अक्षरंही त्यांचीच. पंचकार्डांच्या त्या काळात अक्षर वाचवणं म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही वाचवणं होतं. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन अनुक्रम एकमेकांशी जुळवून पाहण्याची रीत दिली, १९९० मध्ये अनुक्रम शोधणारं ब्लास्ट आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं, म्हणजे मानवी जीनोम प्रकल्प सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी. आपल्याकडे अजूनही पालक ‘हे नवीन फील्ड आहे ना?’ असं विचारतात, म्हणून ही तारीख मुद्दाम नोंदवते.

त्या जीनोम प्रकल्पातली एक हकिगत मात्र जरा सविस्तर सांगायला हवी. २००० च्या वसंतात सरकारी पैशावर चाललेल्या प्रकल्पाकडे जीनोमचे लाखो तुकडे जमा झाले होते आणि ते जोडणारा प्रोग्रॅम नव्हता. समोर सेलेरा ही खासगी कंपनी धावत होती. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात जिम केंट नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. तो सुमारे चार आठवडे बसला आणि जवळजवळ १०,००० ओळींचा प्रोग्रॅम लिहून मोकळा झाला. टाइप करून करून दुखणारी मनगटं तो रात्री बर्फाने शेकत असे, असं सांगतात. विद्यापीठाने घेतलेल्या १०० साध्या पेंटियम संगणकांवर तो प्रोग्रॅम चालला आणि २२ जून २००० रोजी जोडणी पूर्ण झाली. २६ जूनला व्हाइट हाउसमध्ये घोषणा झाली, भाषणं झाली. सगळेजण या गोष्टीतल्या चार आठवड्यांचं कौतुक करतात. मला ७ जुलै ही तारीख जास्त मोलाची वाटते. त्या दिवशी केंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती सगळी जोडणी इंटरनेटवर कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवली. आज नाशिकच्या किंवा नांदेडच्या महाविद्यालयातली मुलगी फुकटात मानवी जीनोम उघडून बघू शकते, याची सुरुवात तिथे झाली.

आता यंत्रातून येतं काय, ते जवळून बघू. एका माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. सध्या सर्वांत जास्त वापरात असलेली यंत्रं तो सलग वाचत नाहीत. १५० अक्षरांचे तुकडे वाचतात. त्यांना आम्ही ‘रीड’ म्हणतो. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी असं ठरवलं तर ९,००० कोटी अक्षरं होतात, म्हणजे ६० कोटी रीड. दाबून लहान केलेली फाइलसुद्धा ६० ते १०० जीबीच्या घरात जाते. ती उघडली की प्रत्येक रीडच्या चार ओळी दिसतात. पहिलीत रीडचं नाव: कुठलं यंत्र, कुठली लेन. दुसरीत ए, सी, जी, टी. तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह. चौथीत वरवर पाहता अर्थहीन वाटणारी चिन्हं. नवखा माणूस दुसरी ओळ वाचतो, मुरलेला आधी चौथी बघतो. कारण प्रत्येक अक्षराबद्दल यंत्राला स्वतःला किती खात्री आहे, हे त्या चिन्हांत लिहिलेलं असतं. एफ असेल तर गुण ३७, म्हणजे चुकीची शक्यता पाच हजारांत एक. प्रश्नचिन्ह असेल तर ३०, हजारात एक. हॅश असेल तर यंत्राने हात टेकले आहेत.

हजारात एक ऐकायला छान वाटतं. ९,००० कोटींना हजाराने भागून बघा: ९ कोटी चुकीची अक्षरं. आणि आपण ज्याच्या मागावर असतो तो रोगाचा धागा अनेकदा एकाच अक्षराचा असतो.

एकच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचं कारण हेच. प्रत्येक रीड तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भ जीनोमवर आपल्या जागी बसवायचं (यासाठी आजही बहुतेकजण हेंग ली आणि रिचर्ड डर्बिन यांचं २००९ चं बीडब्ल्यूए वापरतात), मग एकेका जागेवर जमलेल्या रीडचं मत घ्यायचं. या वाटेने एका माणसात संदर्भापेक्षा वेगळ्या अशा ४० ते ५० लाख जागा मिळतात. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. त्या गाळत गाळत पाच-दहांवर येणं, हे आमच्या रोजच्या कामाचं मोठं अंग आहे.

आणि यादी पाच-दहांवर आली की हातातलं सगळं बाजूला ठेवून एकेक जागा डोळ्यांनी बघायची. एक उदाहरण घेऊ. घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास आहे आणि यादीत पीएमएस२ या जनुकातला एक बदल आला आहे. हा बदल आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला असेल तर ३० पैकी साधारण १५ रीडमध्ये दिसायला हवा. पडद्यावर बघावं तर सातांतच दिसतो आणि त्या सातही रीडमध्ये शेजारी आणखी दोन-तीन ओळखीचे बदल आहेत. इथे मुरलेल्या माणसाची भुवई उंचावते. पीएमएस२ ची जवळजवळ हुबेहूब पण निकामी अशी एक प्रत त्याच गुणसूत्रावर आहे; तिथली रीडं वाट चुकून इथे येऊन बसली आहेत. रुग्णाच्या जनुकात बहुधा काहीच बिघडलेलं नाही. यादीत मात्र ही नोंद बाकीच्यांच्या बरोबरीने रुबाबात उभी असते. अशीच फसगत फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या गाठींत होते. रसायनामुळे सी या अक्षराचं रूपांतर होतं आणि यंत्र ते टी असं वाचतं. कर्करोगाचे बदल म्हणून जे मोजायला बसलो, त्यातला बराच भाग पॅथॉलॉजीच्या कपाटाने केलेला निघतो.

बाहेरच्या माणसाला वाटेल की आमचा दिवस असा जीनोमच्या सहवासात जातो. खरं सांगायचं तर तो एक्सेलमध्ये जातो. रुग्णांच्या माहितीचा तक्ता येतो. लिंगाच्या रकान्यात ‘एम’, ‘मेल’, ‘पु.’, ‘१’ आणि दोन ठिकाणी फक्त टिंब. नमुन्यांच्या क्रमांकात कुठे शून्य, कुठे ओ हे अक्षर. तारखा काही भारतीय पद्धतीच्या, काही अमेरिकी. ५ ऑगस्ट की ८ मे हे देव जाणे. काही ओळी लाल रंगवलेल्या. फोन करून विचारलं की उत्तर मिळतं, ‘लाल म्हणजे दगावलेले, मॅडम. पिवळे म्हणजे फॉलोअपला आले नाहीत ते.’ संगणक रंग वाचत नाही. अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची माहिती, म्हणजे कोण जगलं आणि कोण नाही, ही त्या रंगात होती.

एक्सेलचा स्वतःचाही एक खोडसाळपणा आहे. सेप्ट२ किंवा मार्च१ अशी नावं असलेली जनुकं त्यात टाकली की ते त्यांच्या तारखा करून टाकतं. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही: २०१६ मध्ये तीन संशोधकांनी प्रकाशित निबंधांना जोडलेल्या एक्सेल फाइली तपासल्या तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या दर पाच निबंधांतल्या सुमारे एकात असा घोळ सापडला. शेवटी माणसांनी हात जोडले. जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलून सेप्टिन२, मार्चएफ१ अशी केली.

तक्ता आणि जीनोम एकमेकांशी जुळतात का, हे तपासण्याची एक साधी युक्ती पहिल्याच प्रकरणात दिली आहे. कागदावर स्त्री आणि फाइलमध्ये वाय गुणसूत्राची रीडं भरपूर असतील तर कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली आहे. झालीच आहे असं मात्र लगेच म्हणू नये. त्या बाईंना भावाच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं असेल तर त्यांच्या रक्तात भावाचाच डीएनए येणार. म्हणून आधी डॉक्टरांना फोन, मग निष्कर्ष. या कामात फोनचा वापर कोडइतकाच होतो, हे संगणकाकडून येणाऱ्या वाचकाने ध्यानात ठेवावं.

संदर्भ जीनोमचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांबलं आहे आणि त्याला इलाज नव्हता. जीनोममधल्या प्रत्येक अक्षराला पत्ता असतो, पण तो पत्ता कुठल्या आवृत्तीतला हे सांगितल्याशिवाय निरर्थक असतो. २००९ ची आवृत्ती आणि २०१३ ची आवृत्ती यांत एकाच जागेचे आकडे वेगळे. गावच्या जमिनींचं एकत्रीकरण झाल्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा जो घोळ होतो, तोच इथे होतो: दोन्ही सातबारे खरे, पण एकाचा नंबर दुसऱ्यात शोधला तर भलत्याच्याच बांधावर उभे राहाल. २०१३ ची आवृत्ती येऊन इतकी वर्षं झाली तरी अनेक रुग्णालयांच्या जुन्या फाइली २००९ च्या पत्त्यांवरच आहेत, आणि दोन्ही याद्या एकत्र करताना प्रोग्रॅम अवाक्षर काढत नाही.

शिवाय हा संदर्भ कुणाचा? १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या वर्तमानपत्रात स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात आली. त्यातून आलेल्या एका अनामिक पुरुषाचा डीएनए आज संदर्भ जीनोमच्या सुमारे ७० टक्के भागात आहे. बाकीचा भाग इतर थोड्यांचा. त्यात आपल्या वाट्याचं वैविध्य उमटणं शक्यच नव्हतं. संदर्भाशी तुलना करून ‘दुर्मीळ’ ठरलेली गोष्ट आपल्याकडे घरोघरी असू शकते. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा गाळला जाण्याचा प्रकार २००९ मध्ये भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने उजेडात आला. तो भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. युरोपीय लोकांचा डेटा चाळत बसलं असतं तर तो हाती लागला नसता. उलट बाजूने फसगत होते ती अशी: अमेरिकेत हृदयाच्या एका आनुवंशिक आजारासाठी तपासणी झालेल्या काही कृष्णवर्णीय रुग्णांना त्यांच्यातले बदल रोगकारक असल्याचं सांगितलं गेलं. २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवलं की ते बदल कृष्णवर्णीयांत सर्रास आढळतात आणि निरुपद्रवी आहेत. तुलनेच्या गटात थोडे जरी कृष्णवर्णीय असते तरी ही चूक टळली असती.

म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पाला मी महत्त्व देते. देशातल्या ८३ समूहांमधल्या १०,००० लोकांच्या जीनोमचा डेटा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी उपलब्ध झाला. तो फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवला आहे. आपल्या देशाच्या मानाने १०,००० ही सुरुवातच. पण आता ‘हा बदल आपल्याकडे किती जणांत आहे?’ या प्रश्नाला खांदे उडवण्यापलीकडचं काही उत्तर देता येतं.

याच डेटाची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे आणि ती आपल्याकडे फार हलक्याने घेतली जाते. नाव आणि आधार क्रमांक खोडले की झालं, असा समज असतो. आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं होत आली आहेत. तक्त्यात जात, तालुका आणि एक दुर्मीळ आजार हे तीन रकाने शेजारीशेजारी राहिले तर गावातला कुणीही माणूस कुटुंब ओळखून दाखवेल. त्यासाठी जीनोम उघडण्याचीही गरज नाही.

प्रयोगाच्या आखणीवरचं प्रकरण वाचताना वैद्यकाकडून आलेल्या वाचकाला कदाचित राग येईल. आमच्याकडे बहुतेक लोक डेटा तयार झाल्यावर येतात. वरातीमागून घोडं. रुग्णांचे नमुने जानेवारीत एका किटवर केले, निरोगी लोकांचे जूनमध्ये दुसऱ्या किटवर. आता फरक दिसला तर तो रोगाचा की किटचा? याला कुठलंही गणित उत्तर देऊ शकत नाही. मोठमोठ्या गटांनाही हे चुकलेलं नाही. २०१४ मध्ये एका नामांकित प्रकल्पाने उंदीर आणि माणूस यांच्या अवयवांतल्या जनुकांची क्रियाशीलता मोजली. उंदराचं यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच इतर अवयवांच्या जवळ जातं, असा अनपेक्षित निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या वर्षी शिकागोच्या योआव गिलाड यांनी रीडच्या नावांची ती पहिली ओळ वाचली, कुठलं यंत्र, कुठली लेन. बहुतेक ठिकाणी माणसाचे नमुने आणि उंदराचे नमुने वेगवेगळ्या खेपांत वाचले गेले होते. खेपेचा परिणाम वजा केल्यावर यकृत यकृताजवळ आलं. यावर पुष्कळ वाद झाला. पण तो वाद पेटू शकला तोच मुळी त्या क्षुल्लक वाटणाऱ्या ओळीमुळे.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्ये कोलकात्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेत बोलले होते. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणं, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. हे आपल्याच भूमीवर सांगून झालं आहे. अजून आपण प्रेत घेऊनच येतो.

चुकीच्या उत्तराची किंमत कोण मोजतं, हे ज्याला नीट समजून घ्यायचं आहे त्याने ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण दोनदा वाचावं. २००६ मध्ये अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’ मध्ये एक निबंध छापला. गाठीतल्या जनुकांची क्रियाशीलता मोजून कुठल्या रुग्णाला कुठलं केमोथेरपीचं औषध लागू पडेल हे आधीच सांगता येतं, असा तो दावा. साहजिकच खळबळ उडाली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनाही ही पद्धत वापरायची होती. त्यांनी आपल्याकडच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज या दोघांना ती समजावून सांगायला सांगितलं. दोघांनी निबंधासोबतचा डेटा उतरवून घेतला आणि तेच आकडे पुन्हा काढायला बसले. निघेनात. हळूहळू उलगडा झाला. जनुकांची यादी एक ओळ सरकलेली होती: निबंधात नाव होतं एका जनुकाचं आणि मोजमाप शेजारच्याचं. काही औषधांच्या बाबतीत ‘लागू पडतं’ आणि ‘पडत नाही’ ही लेबलं उलटी लागली होती. म्हणजे ज्या रुग्णाला औषधाचा उपयोग नाही, त्यालाच ते द्यावं असं ही पद्धत सांगणार.

दोघांनी ड्यूकच्या गटाला कळवलं, नियतकालिकाला पत्र लिहिलं. उत्तरं आली, चुका किरकोळ ठरवल्या गेल्या. दरम्यान ड्यूकमध्ये याच पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांनी २००९ मध्ये सगळा पंचनामा संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. चाचण्या थांबल्या, चौकशीनंतर पुन्हा सुरू झाल्या आणि २०१० मध्ये कायमच्या बंद पडल्या. तेही पोट्टी यांच्या बायोडेटातला एक सन्मान खोटा असल्याची बातमी आल्यावर. २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने पोट्टी यांनी खोटा डेटा वापरल्याचा निष्कर्ष दिला.

या प्रकरणातून लोक लबाडीचा धडा घेतात. लबाडी होतीच. मला मात्र त्या सरकलेल्या ओळीची जास्त धास्ती वाटते. ती लबाड माणसाच्या हातून झाली काय आणि प्रामाणिक माणसाच्या हातून झाली काय, फाइलमध्ये सारखीच दिसते. ती सापडली कारण दोन माणसांनी आपल्या पगारी वेळेतले शेकडो तास दुसऱ्याचे आकडे पुन्हा काढण्यात घालवले आणि त्यांच्या संस्थेने ते घालवू दिले. आपल्याकडे किती संस्था असं करू देतील? प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये लिहा, हाताने एकही रकाना कापून चिकटवू नका, कुठल्या प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती वापरली ते नोंदवा, असा जो जाच मी पुढच्या पानांत करणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

आपल्या अंगणातला अनुभव करोनाच्या काळातला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढू लागले. विषाणूचा जीनोम माणसाच्या मानाने चिमुकला, २९,९०३ अक्षरांचा; तो वाचायला वेळ लागत नाही. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल असणाऱ्यांचं प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढलं आहे. त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं. त्या काळात या कामाचा उपयोग पहिल्यांदा सामान्य माणसाच्या कानावर गेला. पण नमुना कुठल्या तालुक्यातला, कुठल्या तारखेचा, हे दोन रकाने रिकामे असतील तर विषाणूची २९,९०३ अक्षरं अचूक वाचूनही साथ कुठून कुठे सरकते आहे ते कळत नाही. पुन्हा एक्सेलच.

नोकरीबद्दल दोन शब्द, कारण विद्यार्थी खासगीत तेच विचारतात. निबंधावर तुमचं नाव बहुधा मधे कुठेतरी येईल. आयटी कंपनीतला तुमचा वर्गमित्र तुमच्यापेक्षा जास्त कमवेल. ‘सपोर्ट’ या शब्दाखाली तुम्हाला प्रिंटर दुरुस्त करायलाही बोलावतील. याच्या बदल्यात एका वर्षात क्षयरोग, स्तनाचा कर्करोग आणि सिकलसेल अशा तीन वेगळ्या विषयांत डोकं घालायला मिळेल, आणि क्वचित एखाद्या दिवशी अनेक दवाखाने फिरून दमलेल्या घराला मुलाच्या आजाराचं नाव सांगणाऱ्या चमूत तुम्ही असाल. सौदा ज्याला मानवतो त्याने यावं. आता स्क्रिप्ट लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आली आहेत आणि ती चांगली आहेत, मी वापरते. लाल ओळींचा अर्थ विचारायला फोन करणं त्यांना अजून सुचलेलं नाही.

डॉक्टरांना आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती. पहिला नमुना घेण्याच्या आधी आम्हाला अर्धा तास बोलवा. चहा आम्ही पाजू. कुठल्या खेपेत कोणते नमुने जातील, निरोगी लोक कुठून आणायचे, तक्त्यात कुठले रकाने हवेत, एवढंच त्या अर्ध्या तासात ठरवायचं असतं, आणि ते ठरलं की पुढची दोन वर्षं वाचतात.

विद्यार्थ्यांसाठी सूचना एवढीच: हे पुस्तक आडवं होऊन वाचू नका. लॅपटॉपवर लिनक्स बसवून घ्या. सगळी उदाहरणं ‘जीनोम इन अ बॉटल’ या अमेरिकी प्रकल्पाच्या खुल्या डेटावर आहेत. त्यातल्या नमुन्यांची बरोबर उत्तरं बऱ्याच अंशी माहीत असल्यामुळे तुमचं कुठे चुकलं ते तुम्हालाच तपासता येतं. फक्त विसाव्या गुणसूत्रापुरता डेटा घेतलात तर साध्या मशीनवर भागतं. आणि पहिलं उत्तर हाती आलं की ते कुणाला दाखवण्याआधी चौथी ओळ बघा.